हिंदुस्तानी (इंडियन, १९९६): सेनापतीचा चाकू मंत्र्यापर्यंत का पोचत नाही?

लाल_डबा (धागाकर्ता)

शंकर आणि कमल हासनचा इंडियन, म्हणजे आपल्याकडे केबलवर हिंदुस्तानी नावाने लागून लागून पाठ झालेला पिच्चर, त्यावर इथे धागाच नाही म्हणून काढतोय. स्पॉयलर सगळे आहेत, ९६ सालचा पिच्चर आहे, उगाच कुणी ओरडू नका.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी. सेनापती हा सत्तरी ओलांडलेला म्हातारा, नेताजींच्या आझाद हिंद सेनेतला सैनिक. वर्मकलै नावाची मर्मविद्या येते, दोन बोटं अशी काही टोचतो की समोरचा जागच्या जागी लुळा पडतो, आणि पट्ट्यात चाकू. लाच खाणाऱ्या अधिकाऱ्यांना हुडकून मारत सुटलाय. मागावर सीबीआयचा कृष्णस्वामी, हा नेडुमुडी वेणूंनी काय केलाय, आरडाओरडा नाही काही नाही, नुसता डोळ्यांनी. दुसरीकडे सेनापतीचा मुलगा चंद्रबोस उर्फ चंद्रू. बापाने नाव नेताजींचं ठेवलं आणि पोरगा आरटीओच्या गेटावर एजंटगिरी करतोय, ब्रेक इन्स्पेक्टरची नोकरी मिळावी म्हणून साहेबाच्या घरची धुणीसुद्धा धुतोय. बाप-लेक दोघेही कमलच. पुढे चंद्रू पैसे घेऊन ब्रेक खराब असलेल्या बसला सर्टिफिकेट देतो, त्या बसच्या अपघातात ४० शाळकरी पोरं जातात, आणि म्हातारा शेवटी स्वतःच्या मुलालाही सोडत नाही.

आता मुद्दा. या पिच्चरची ओळख सगळीकडे 'राजकीय भ्रष्टाचाराविरुद्ध लढणारा सैनिक' अशी दिली जाते पण तुम्ही आठवून बघा, डोक्यात राहिलेले बळी कोण आहेत? महापालिकेचा बडा अधिकारी, सरकारी ऑफिसातला साहेब, हॉस्पिटलातला डॉक्टर, आरटीओ. सगळे बाबू. मंत्री, आमदार, पक्षाला पैसे पुरवणारा शेठ, ज्याच्या सहीने बदल्या होतात तो माणूस, हे लोक कुठायत? इन्स्पेक्टरची नोकरी विकत मिळते म्हणजे कुणीतरी विकतंय ना, पैसा वरपर्यंत जातोय ना. सेनापतीला खालच्या पायऱ्या दिसतात, जिना कुठे जातो ते दिसत नाही. की शंकरला दाखवायचं नव्हतं?

आणि तरीही मला हा शंकरचा सगळ्यात प्रामाणिक पिच्चर वाटतो, का ते खाली चर्चेत येईलच. तुमचं काय मत?

तिखट_मिसळ

हायला लाडबाभौ आठवणी जाग्या केल्या!! आमच्याकडे कॅसेट होती, टेलिफोन धुन में हसनेवाली आणि लटका दिखा दिया हमने, घासून घासून रीळ बाहेर आलं होतं. रेहमान तेव्हा जे करत होता ना ते आता कुणाच्याच बापाला जमणार नाही. आणि आपली ऊर्मिला! रंगीला ९५ चा, लगेच पुढच्या वर्षी हा. तिच्या रोलला काही अर्थ नाही हे मान्य आहे पण कोण बघत होतं अर्थ.

मंत्री का नाही वगैरे मी कधी विचारच केला नव्हता. म्हातारा खुर्चीवर बसतो कसा ते बघा फक्त, ताठ, आणि ते वाकडं बोट. शाळेत आम्ही एकमेकांच्या मानेत बोटं खुपसायचो, मास्तरांनी धुतलाय त्यावरून.

चेन्नैतला_जोशी

मी गेली बरीच वर्षं इकडे आहे, सासुरवाडी पण तमिळ, त्यामुळे दोन शब्द लिहितो.

पिच्चर लागला ९ मे १९९६ ला. तारीख महत्त्वाची आहे. त्याच एप्रिल-मे मध्ये तमिळनाडूत विधानसभा आणि लोकसभा दोन्हीच्या निवडणुका झाल्या, जयललितांचा पक्ष २३४ पैकी ४ जागांवर आला, त्या स्वतः बर्गूरमधून पडल्या आणि १३ मे ला करुणानिधींनी शपथ घेतली. म्हणजे इंडियन थिएटरात लागला तो आठवडा म्हणजे अख्ख्या राज्यात राग उतू चालला होता तो आठवडा. आदल्या वर्षी सप्टेंबरमध्ये दत्तक पुत्राचं जे लग्न झालं होतं त्याच्या गोष्टी लोक आजही सांगतात. वर्षअखेरीस जयललितांना अटक झाली, पोएस गार्डनच्या घरातून २८ किलो सोनं, साड्यांचे ढीग, चपलांचे शेकडो जोड, हे सगळं टीव्हीवर दाखवलं.

तेव्हा लाल_डबा, तुमचा प्रश्न इथल्या प्रेक्षकाला पडलाच नसता. मंत्री पडद्यावर नव्हता कारण तो रोज सकाळी पेपरात होता. पडद्यावर माणसाला बघायचा होता तो त्याला स्वतःला छळणारा क्लार्क. मनोरमांचा सीन आठवा, मदतीच्या पैशासाठी ऑफिसं झिजवणारी गरीब बाई, प्रत्येक टेबलावर थोडे थोडे कापले जातात, आणि शेवटी ती पक्क्या मद्रास झोपडपट्टीच्या भाषेत साहेबाची जी काय आरती ओवाळते, हिंदीत त्याचं पार पाणी झालंय. माझी सासू आजही तो सीन लागला की भाजी टाकून बाहेर येऊन बसते.

अजून एक. डायलॉग सुजाता या लेखकाचे आहेत (पुरुष, पेशाने इंजिनियर, बायकोच्या नावाने लिहायचे). भाषणबाजी आहे पण त्यातसुद्धा एक तिरकसपणा आहे तो त्यांचा.

लाल_डबा

जोशीबुवा माहितीबद्दल धन्यवाद, निवडणुकीचा संबंध जोडलाच नव्हता मी. पण तुम्ही म्हणताय ते अर्धंच पटतंय. पेपरात मंत्री होता म्हणून पडद्यावर नको हे कसं? तीनच वर्षांनी त्याच शंकरने मुदल्वन काढला, आपला नायक ज्याच्यावरून बनला तो, त्यात सरळ मुख्यमंत्रीच व्हिलन. म्हणजे जमत होतं की. इंडियनमध्ये नाही केलं कारण सेनापतीचा हिशोब वेगळा आहे असं मला वाटायला लागलंय.

पासिंग_वाला

मी इथे फार लिहीत नाही पण आरटीओचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. घरचा धंदा टेम्पोचा, वडलांपासून, आता दोन टेम्पो आणि एक आयशर. त्या पिच्चरमधलं आरटीओ ऑफिस बघताना आमचे पप्पा हसायचे नाहीत बरं का, बाकी सगळं घर हसायचं गौंडामणी सेंथिल या विनोदी जोडीवर आणि पप्पा गप्प.

पासिंग म्हणजे काय असतं ते ऐका. धंद्याच्या गाडीला फिटनेस लागतो, नवीन गाडीला सुरुवातीला दोन वर्षांचा आणि जुनी झाली की दरवर्षी. पासिंगच्या दिवशी गाडी नवरीसारखी नटवायची. रेडियम, रिफ्लेक्टर, वायपर, फर्स्टएड पेटी, आग विझवायचा सिलेंडर. पूर्वी तर टायर भाड्याने मिळायचे भाड्याने. गेटाजवळच एक जण टायर घेऊन बसलेला, पासिंगपुरते चढवायचे, झालं की उतरवून परत गोटे झालेले टायर लावून घाटात जायचं. फाइल एजंटकडे दिली की तो कोपऱ्यात पेन्सिलने बारीक खूण करायचा, कुणाची फाइल ते आत कळायला. खूण नसलेली फाइल म्हणजे लाइट फोकस बरोबर नाही, नंबर प्लेटचा अक्षर लहान, या पुढच्या आठवड्यात. आणि एक दिवस गाडी उभी म्हणजे भाडं बुडालं, हप्ता तर चालूच. मग काय देतो माणूस.

एकदा आमच्या गाडीचं ब्रेकचं काम खरंच राहिलं होतं आणि ती पास झाली. पप्पांनी सर्टिफिकेट घेतलं, घरी आले आणि स्वतः ब्रेक ऑइलपासून सगळं काढून गॅरेजात बसून करून घेतलं, मग रस्त्यावर काढली. सर्टिफिकेटवर विश्वास गाडीमालकाचाच नसतो हो.

आता सुधारलंय काही. हायकोर्टाने मधे बडगा घेतला, ब्रेक टेस्टला अडीचशे मीटरचा ट्रॅक पाहिजेच म्हणून, आणि आता मशिनवर टेस्टिंगची सेंटर आलीत. पण चंद्रूसारखे एजंट कुठे गेले नाहीत, गेटासमोर झेरॉक्सच्या दुकानात बसतात आता, एसी लावून.

तर लाल_डबा साहेब, मंत्री नाही दाखवला ते बरोबर केलं असं माझं मत. मंत्री आम्हाला कधी भेटतच नाही. आम्हाला चंद्रू भेटतो.

आरामखुर्ची

+१ पासिंग_वाला. वर्षातला सर्वोत्तम प्रतिसाद.

डॉ_निशिगंध

सगळ्यांचं कौतुक चाललंय म्हणून मुद्दाम विरुद्ध बाजू. मी सरकारी हॉस्पिटलात नोकरी केलेली डॉक्टर आहे. त्या पिच्चरमध्ये सेनापतीची मुलगी कस्तुरी भाजलेली आहे, तिला घेऊन बाप हॉस्पिटलात येतो, आणि उपचाराआधी पैसे मागितले जातात. बाप म्हणतो लाच देणार नाही. मुलगी जाते. पुढे त्याच डॉक्टरला टीव्हीवर लाइव्ह मारतो आणि थिएटरात टाळ्या.

मला त्रास दोन गोष्टींचा होतो. एक, भाजलेल्या पेशंटची वेळ म्हणजे काय असते हे त्या सीनमध्ये फक्त बापाच्या तत्त्वासाठी वापरलंय. पोरगी कळवळतेय आणि बाप नियम सांगतोय. तुम्ही बाप असता तर काय केलं असतं? मी तर दागिने काढून दिले असते आणि तक्रार नंतर केली असती. दोन, लोक हॉस्पिटलात येऊन डॉक्टरांना, सिस्टरना मारहाण करतात त्याला आपल्याकडे कायदा करावा लागला २०१० साली, आणि मारणाऱ्यातला प्रत्येक जण स्वतःला सेनापतीच समजत असतो. त्याला वाटतं डॉक्टरने पैशासाठी मारलं. खरं तर व्हेंटिलेटरच नसतो शिल्लक. व्हेंटिलेटर का नाही, खरेदी का अडली, ते टेंडर कुणी लांबवलं, त्याच्यापर्यंत कुणी जात नाही, हाताशी सापडतो तो रेसिडेंट डॉक्टर, छत्तीस तास जागा असलेला.

म्हणून लाल_डबा यांचा प्रश्न मला बरोबर वाटतो, उत्तर काहीही असो.

तिखट_मिसळ

डॉक्टरताई पिच्चर आहे हो तो, एवढं कुठे

डॉ_निशिगंध

पिच्चरच आहे, म्हणूनच तर मानेत बोटं खुपसत होतात ना शाळेत. :)

सुभेदाराची_नात

सैनिक या भागाबद्दल कुणीच काही बोललं नाही म्हणून लिहिते. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार होते, आझाद हिंदवाले नव्हते, उलट बाजूचे म्हणा हवं तर, पण घरात या विषयावर रात्र रात्र बोलणं व्हायचं.

सेनापती तमिळ आणि आझाद हिंद सेनेतला ही गोष्ट हवेतून आणलेली नाहीये. १९४२ ला सिंगापूर पडल्यावर युद्धकैदी झालेल्या सैनिकांतून ही सेना उभी राहिली हे शाळेत शिकवतात, पण ४३ ला नेताजी तिकडे पोचल्यावर मलायातल्या रबराच्या मळ्यातले तमिळ मजूर मोठ्या संख्येने भरती झाले, ज्यांनी आयुष्यात बंदूक धरली नव्हती असे. झाशीची राणी रेजिमेंटमध्ये बहुतेक मुली त्या मळ्यांतल्याच, त्यांची कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन, मूळ मद्रासच्या डॉक्टर. आपल्याकडचे जगन्नाथराव भोसले, सावंतवाडीकडचे, सेनेत अगदी वरच्या पदावर होते, पुढे नेहरूंच्या सरकारात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले.

पण सगळ्यांच्या नशिबी तसं नव्हतं. ४५ च्या शेवटी लाल किल्ल्यावर खटला चालला तेव्हा देश पेटला, शाहनवाज, सहगल, धिल्लन घराघरात पोचले. स्वातंत्र्य मिळालं आणि यांना सैन्यात परत घेतलं नाही. स्वातंत्र्यसैनिकांची केंद्राची पेन्शन सुरू झाली १९७२ साली, म्हणजे २५ वर्षांनी. आणि ती मिळवायची तर तुरुंगात होतो याचा कागद आणा, सोबतच्या कैद्याचा दाखला आणा. इंफाळच्या जंगलात जळवा काढत चाललेल्या माणसाने कुणाचा दाखला आणायचा?

हे डोक्यात ठेवून पिच्चर बघा. सेनापतीला मंत्र्याचा राग नाही असं नाही, पण त्याच्या मते त्याने ज्याच्यासाठी लढाई केली ती गोष्ट म्हणजे हे ऑफिस आहे, गोऱ्याच्या जागी आपला माणूस बसलेलं टेबल. तिथेच परत हात पसरलेला दिसतो तेव्हा तो फिरतो. फ्लॅशबॅकमध्ये जुन्या फिल्मच्या तुकड्यात नेताजींसमोर कमलला उभा केलाय ना, कॉम्प्युटरने, ९६ साली, आपल्याकडे तेव्हा हे कुणी करत नव्हतं. मला तो ट्रिक सीन म्हणून आवडत नाही, त्यात त्याचा चेहरा बघा, कोवळा, सलाम करताना हनुवटी किंचित थरथरते. तोच माणूस पुढे बेल्टातून चाकू काढतो.

एक तक्रार मात्र आहे. सैनिक असा एकटा, हुकमाशिवाय, स्वतःच न्यायाधीश होऊन मारत नाही. आजोबा असते तर म्हणाले असते, हा शिपाई नव्हे, हा बंडखोर. अर्थात आझाद हिंदवाल्यांना ते तेच म्हणायचे. :)

लाल_डबा

सुभेदाराची_नात, दंडवत. 'गोऱ्याच्या जागी आपला माणूस बसलेलं टेबल', हेच. मला जे दिवसभर सापडत नव्हतं ते हे. सेनापतीचं भांडण सरकारशी नाहीच, सरकार आपलं झालं असं त्याने गृहीत धरलंय. म्हणून तो वर बघतच नाही. त्याचं सगळं लक्ष खाली, शेजारच्याकडे, आणि शेवटी स्वतःच्या घरात.

आरामखुर्ची

मी जरा पाणी ओततो यावर. खराखुरा सैनिक विरुद्ध राजकीय भ्रष्टाचार बघायचा तर तमिळनाडूत कशाला जायचं, पारनेर तालुक्यात जा. अण्णा हजारे लष्करात ट्रक ड्रायव्हर होते, ६५ च्या युद्धात खेमकरणला त्यांच्या आजूबाजूची माणसं मेली आणि हे वाचले. राळेगणसिद्धीला परतले ते ७५ ला. इंडियन ज्या काळात थिएटरात होता बरोब्बर त्याच काळात इकडे युतीच्या मंत्र्यांविरुद्ध अण्णांची उपोषणं चालू होती, मंत्र्यांना पदं सोडावी लागली, ९८ ला एका मंत्र्याच्या बदनामीच्या खटल्यात अण्णा स्वतः जेलमध्ये जाऊन आले. २००३ ला आघाडीचं सरकार, पुन्हा चार मंत्र्यांविरुद्ध उपोषण, मग न्यायमूर्ती पी. बी. सावंत आयोग. त्या आयोगाने मंत्र्यांवर ठपका ठेवला आणि अण्णांच्या ट्रस्टच्या खर्चावरही ताशेरे मारले. सेनापतीच्या खर्चाचं ऑडिट कुणी केलं होतं का?

मला म्हणायचंय ते असं की पिच्चरमधल्या सैनिकाने बाबू मारले आणि काही बदललं नाही. खऱ्या सैनिकाने मंत्री घालवले, तरी वर सगळं तसंच राहिलं, पण त्या गडबडीत माहितीचा अधिकार आला, महाराष्ट्रात आधी आणि २००५ ला देशभर. पासिंग_वाल्यांच्या त्या पेन्सिलच्या खुणेवर खरा इलाज तो आहे, आपली फाइल कुठल्या टेबलावर किती दिवस पडलीय ते दहा रुपयाच्या अर्जात विचारता येतं. कंटाळवाणं आहे, त्यावर गाणं बसत नाही, रेहमानलाही जमलं नसतं.

२०११ नंतरच्या अण्णांबद्दल इथे भांडण सुरू करू नका प्लीज, त्याचे वेगळे धागे आहेत आणि ते सगळे कुलूपबंद आहेत.

पासिंग_वाला

काका अर्ज केला होता एकदा. उत्तर पण आलं. पुढच्या पासिंगला गाडी चार वेळा परत पाठवली. बघा.

आरामखुर्ची

घ्या. बोलणंच खुंटलं.

मेथीची_जुडी

एवढं सगळं वाचलं, कुणीच अमृतवल्लीचं, म्हणजे सेनापतीच्या बायकोचं, नाव काढलं नाही. सुकन्या. तेव्हा तिशीच्या आतली होती ती आणि कमलच्या आईचं काम केलंय, म्हातारी म्हणून आणि फ्लॅशबॅकमध्ये तरुणपणी बायको म्हणून पण. मेकअपचं कौतुक सगळे कमलच्याच करतात, हॉलिवूडहून मायकेल वेस्टमोरला आणलं होतं वगैरे, कमलला त्या कामाचं तिसरं नॅशनल अवॉर्ड मिळालं तेही बरोबरच, पण हिच्याकडे बघा ना एकदा.

या बाईची एक मुलगी नवऱ्याच्या तत्त्वापायी गेली. मुलगा घर सोडून गेला कारण बाप नोकरीसाठी लाचेचे पैसे देणार नव्हता. आणि मग तोच नवरा त्या मुलाला मारायला निघतो तेव्हा ती अडवते, विनवण्या करते, नंतर काय? शेवटी विमानतळावर स्फोट, आणि मग हाँगकाँगवरून फोन, मी परत येईन म्हणे. येशील रे बाबा, घरी फोन केलास का? तिचं काय झालं ते दाखवायची कुणाला गरज वाटली नाही. कृष्णस्वामीला फोन करतो, बायकोला नाही!!

राजकीय भ्रष्टाचार, प्रशासकीय भ्रष्टाचार सगळं ठीक आहे. घरात ज्याचा शब्द शेवटचा, त्याला कुठे अर्ज करायचा ते सांगा.

डॉ_निशिगंध

जुडीताई __/\__ मी जे अडखळत म्हणत होते ते तुम्ही तीन ओळीत.

चेन्नैतला_जोशी

मेथीची_जुडी, माझी बायको हेच म्हणते, आणि ती सुकन्याची फॅन.

लाल_डबांच्या प्रश्नाला एक पुरवणी. वर जी केस सांगितली, जयललितांची, तिचा निकाल कधी लागला? खटला ९६ च्या तक्रारीवरून, बंगळुरूच्या विशेष कोर्टाने शिक्षा दिली सप्टेंबर २०१४ ला, चार वर्षं कैद आणि १०० कोटी दंड. ६६ कोटींची बेहिशेबी मालमत्ता. २०१५ ला हायकोर्टाने निर्दोष सोडलं, डिसेंबर २०१६ ला त्या गेल्या, आणि फेब्रुवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाने खालच्या कोर्टाचा निकाल कायम केला, म्हणजे बाकीच्या आरोपींना जेल. मधल्या काळात त्या पुन्हा पुन्हा मुख्यमंत्री झाल्या, लोकांनीच निवडून दिलं, २०१६ ला सलग दुसऱ्यांदा. ज्या लोकांनी इंडियनला शिट्ट्या मारल्या तेच मतदार. आणि अम्मा कँटीनमध्ये एक रुपयात इडली मिळायची, ती मीही खाल्लीय, उत्तम असायची. राजकीय भ्रष्टाचारावर पिच्चर काढणं म्हणूनच अवघड असतं इथे, प्रेक्षकाला व्हिलनबद्दल प्रेम असतं.

खुद्द कमलचं बघा. २०१८ ला मदुराईत पक्ष काढला, २१ ला कोइम्बतूर दक्षिणमधून उभा राहिला, १७२८ मतांनी पडला. आता द्रमुकच्या पाठिंब्यावर राज्यसभेत आहे. सेनापती काय म्हणाला असता देव जाणे.

खारे_पॉपकॉर्न

सगळे एवढं गंभीर लिहितायत, इंडियन २ चं नाव कुणी काढत नाहीये की मुद्दाम टाळताय? मी थिएटरात बघितला, जुलै २०२४, पैसे देऊन. सेनापतीचं वय आता शंभरच्या वर पाहिजे हिशोबाने, आणि हा पठ्ठ्या एका चाकाच्या गाडीवरून पोलिसांना चुकवतोय. ९६ वाल्यात म्हातारा जिना चढताना खरंच म्हातारा वाटायचा, हळू, मग अचानक झडप, भीती त्याची वाटायची. इथे कार्टून झालंय. व्हिलन सगळे सोन्याच्या संडासावर बसणारे शेठ. लाल_डबाला पाहिजे होते ना मोठे मासे? घ्या, दिले. कुणाला काही वाटलं का? शेजारचा माणूस घोरत होता.

नेडुमुडी वेणू आणि विवेक दोघेही गेल्यावर पडद्यावर दिसतात, तेवढंच जरा गलबलून आलं. सेटवर २०२० ला क्रेन पडून तीन माणसं गेली होती तेही आठवत राहतं बघताना.

लाल_डबा

खारे_पॉपकॉर्न, तुमच्या प्रतिसादाने माझ्याच धाग्याचा निकाल लावला. मोठे मासे दाखवले की आपण सुटतो. सोन्याच्या संडासवाला म्हणजे मी नव्हे, माझा काका नव्हे, तिकीट काढून आलेला कुणीच नव्हे, मग निवांत घोरायचं. पहिल्या भागात चंद्रू आहे. आईवर माया आहे, मनीषा कोईरालावर प्रेम आहे, तिच्यासाठी कुत्र्यामांजरांना खाऊ घालतो, मनमिळाऊ, आणि पैसे घेऊन सही करतो कारण सगळेच करतात आणि नोकरीला स्वतःला पैसे चारावे लागलेत ते वसूल करायचेत. ४० पोरं मेल्यावर रडतो आणि लगेच परत पैसेच चारून प्रकरण दाबायला धावतो, त्याला दुसरं काही येतच नाही. तो व्हिलन आहे हे पटायला पिच्चर संपावा लागतो. म्हणून प्रामाणिक म्हटलं मी वर. मंत्री असता तर सगळा राग त्याच्यावर गेला असता आणि चंद्रू सुटला असता, बाप रडला असता, दोघं मिळून मंत्र्याला मारून शेवटी गाणं.

जिन्याचा प्रश्न मात्र सुटत नाही, त्याला नोकरी विकणारा कोण हे पिच्चर विचारत नाही ते नाहीच. आणि मेथीची_जुडी म्हणतात ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, पुढच्या वेळी अमृतवल्लीकडे बघत बघणार.

तिखट_मिसळ

मग हिंदीत बघू का तमिळ? आता तमिळच बघावासा वाटतोय, मनोरमाबाईंच्या शिव्या ऐकायच्यात

चेन्नैतला_जोशी

तमिळच बघा, सबटायटल लावून. आणि कृष्णस्वामी खुन्याच्या चिठ्ठीवरून माग काढतो तो भाग नीट बघा, अक्षरं जुन्या वळणाची आहेत. तमिळ लिपीत एमजीआरच्या काळात ७८ ला सुधारणा झाली, त्याआधी शिकलेला माणूसच तसं लिहिणार, म्हणून खुनी म्हातारा. हिंदीत हे बऱ्याच जणांच्या डोक्यावरून गेलं असणार.

पासिंग_वाला

पप्पांना धागा वाचून दाखवला. म्हणाले टायरवाल्याचं कशाला लिहिलंस, तो चांगला माणूस होता, उधारीवर द्यायचा.